शेवटचा आकडा कोण लिहितो?

डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलावंताने २००७ साली माणसाची कवटी हिऱ्यांनी मढवली. अठराव्या शतकातल्या कुणा अनामिकाची खरी कवटी त्याने विकत घेतली, तिच्यावरून प्लॅटिनमची हुबेहूब कवटी ओतून घेतली, तिच्यावर ८,६०१ हिरे जडवले आणि मूळ कवटीतले खरे दात काढून या नव्या जबड्यात बसवले. किंमत सांगितली पाच कोटी पौंड. आजच्या कलेत मृत्यू कसा येतो असं कुणी विचारलं की हमखास या कवटीचा फोटो पुढे केला जातो.

त्याच्या पाव शतक आधी न्यूयॉर्कमधल्या एका स्टुडिओत तेहचिंग श्ये नावाच्या तैवानी तरुणाने ८,६२७ वेळा कार्ड पंच केलं होतं. कारखान्याच्या फाटकाशी असतं तसलंच यंत्र, तसलंच हजेरीचं कार्ड. दर तासाला एकदा, रात्रंदिवस, वर्षभर.

८,६०१ आणि ८,६२७. फरक फक्त सव्वीसचा. पण मला विचाराल तर मृत्यू आहे तो श्येच्या कार्डांत. कवटी हा दागिना आहे. उत्तम घडणावळीचा, पण दागिनाच.

असं का वाटतं ते सांगायला श्येचं ते वर्ष जरा जवळून पाहावं लागेल. ११ एप्रिल १९८० रोजी त्याने डोक्याचा चकोट केला, कामगाराचा करडा गणवेश चढवला आणि पहिलं कार्ड पंच केलं. प्रत्येक पंचबरोबर एक कॅमेरा त्याच्या उभ्या आकृतीची एकच फ्रेम टिपत असे. लबाडी होऊ नये म्हणून कार्डांवर साक्षीदाराची सही. वर्षाचे तास ८,७६०. त्यातले १३३ हुकले, आणि कसे हुकले त्याचा तक्ताही त्याने स्वतःच करून ठेवला: ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला, १० वेळा घाई झाली. या तक्त्यापाशी मी नेहमी थबकतो. ज्या माणसाने वर्षभर सलग तासभरही झोप घ्यायची नाही असं ठरवलं, त्याने लवकर केलेले दहा पंचही चुकीच्याच रकान्यात टाकले. मालक नाही, पगार नाही, कापून घ्यायला कुणी नाही, तरी हिशोब चोख.

त्या सुट्या फ्रेम जोडून जो चित्रपट झाला तो सहा मिनिटांचा. पडद्यावर सेकंदाला चोवीस फ्रेम धावतात आणि दिवसाचे तासही चोवीस. म्हणजे एक दिवस बरोबर एका सेकंदात संपतो. यंत्राशेजारी उभा असलेला माणूस थरथरल्यासारखा दिसतो, घड्याळाचे काटे भिरभिरत राहतात, आणि चकोट केलेल्या डोक्यावरचे केस बघता बघता खांद्यापर्यंत येतात. चित्रपटात दुसरं काहीही घडत नाही. केस वाढतात, एवढंच कथानक.

श्ये १९७४ साली तेलवाहू जहाजावर खलाशी म्हणून आला होता आणि किनाऱ्याला लागताच पळून अमेरिकेत राहिला होता. कागदपत्रं नव्हती. ज्याला रीतसर नोकरी मिळणंच शक्य नव्हतं, त्याने वर्षभर नोकरीची हजेरी लावली. आधीचं एक वर्ष त्याने स्वतःला पिंजऱ्यात कोंडून काढलं होतं, नंतरचं एक छपराखाली पाऊल न टाकता. आणखी एक वर्ष लिंडा मोंटानो या कलावतीशी आठ फुटी दोराने बांधलेल्या अवस्थेत, आणि तेही एकमेकांना स्पर्श न करता. मग १९८६ च्या अखेरीस त्याने तेरा वर्षांची योजना जाहीर केली: काम करीन, पण कुणाला दाखवणार नाही. १ जानेवारी २००० रोजी त्याने अहवाल सादर केला. त्याचा सारांश एका ओळीचा होता: स्वतःला जिवंत ठेवलं.

श्येच्या कामाला निदान मुदत होती. वर्ष सरलं की सुटका. आता अशा माणसाकडे वळू ज्याने मुदतच घातली नाही.

रोमान ओपाऊका हा पोलिश चित्रकार. १९६५ साली वॉर्सात एका कॅफेमध्ये तो बायकोची वाट पाहत बसला होता, तिला यायला उशीर झाला, आणि त्या रिकाम्या वेळात त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. वाट पाहण्यातून जन्मलेल्या गोष्टी पुष्कळ असतील. ही मात्र आयुष्यभर पुरली. त्याने काळ्या कॅनव्हासच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने १ लिहिला. त्याच्या शेजारी २. मग ३. हाताशी शून्य नंबरचा, म्हणजे अगदी बारीक ब्रश. ओळ संपली की खालची ओळ, कॅनव्हास संपला की पुढचा कॅनव्हास, आणि मागच्याने जिथे सोडलं तिथून पुढे. पहिला कॅनव्हास ३५,३२७ वर संपला. तो पोलंडमधल्या वूच शहराच्या संग्रहालयात आहे. सगळ्या कॅनव्हासांचं माप एकच: १९६ बाय १३५ सेंटिमीटर. वॉर्सातल्या स्टुडिओच्या दारातून बाहेर निघेल असं.

लांबून हे कॅनव्हास धुकं पसरल्यासारखे दिसतात. जवळ गेलं की कळतं, धुक्याला कारण आहे. ब्रश रंगात बुडवला की पहिला आकडा ठसठशीत उमटतो, पुढचे फिकट होत जातात, अगदीच पुसट झाले की ब्रश पुन्हा बुडतो. हजारो वेळा हे झालं की पृष्ठभागावर लाटा उठल्याचा भास होतो. चित्रकाराने लाटा काढलेल्या नाहीत. रंग संपत गेला, त्याच्या त्या खुणा.

काही वर्षांनी त्याने दोन गोष्टी वाढवल्या. प्रत्येक आकडा लिहिताना तो पोलिश भाषेत मोठ्याने उच्चारायचा आणि टेपवर ध्वनिमुद्रित करायचा. आणि दिवसाचं काम संपलं की कॅनव्हाससमोर उभं राहून स्वतःच्या चेहऱ्याचा कृष्णधवल फोटो: तोच पांढरा शर्ट, तोच प्रकाश, तेच अंतर, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. १९७२ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडल्यावर आणखी एक निर्णय. यापुढे प्रत्येक नव्या कॅनव्हासच्या पार्श्वभूमीत आधीच्यापेक्षा एक टक्का पांढरा जास्त मिसळायचा. आकडे पांढरेच राहणार. म्हणजे एक दिवस असा येणार की पांढऱ्यावर पांढरं लिहिलं जाईल आणि डोळ्याला काही दिसणारच नाही. तो दिवस २००८ मध्ये आला. तेव्हापासून कुठला आकडा लिहिला गेला हे सांगायला फक्त टेपवरचा आवाज उरला. फोटोंच्या रांगेत तोवर त्याचे केसही पांढरे झाले होते.

६ ऑगस्ट २०११ रोजी, ऐंशीवा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना, तो इटलीत वारला. कॅनव्हास २३३. शेवटचा आकडा ५६,०७,२४९.

शेहेचाळीस वर्षांच्या या मजुरीची सरासरी काढली तर दिवसाला सुमारे ३३४ आकडे पडतात. त्या गतीने एक गंमत मांडून पाहू. २२ पहिल्या सकाळीच येतात. ३३३ पहिल्या दिवसाअखेर. ४,४४४ ला पंधरवडा पुरतो. ५५,५५५ ला साडेपाच महिने. ६,६६,६६६ ला साडेपाच वर्षं. ७७,७७,७७७ ला जवळजवळ चौसष्ट वर्षं. आणि ८,८८,८८,८८८ ला ७२९ वर्षं. प्रत्येक पायरीवर फक्त एक अंक वाढतो. पहिल्या तीन पायऱ्या दोन आठवड्यांत चढून होतात, मग सातांची पायरी अख्खं आयुष्य मागते, आणि त्यापुढची कुठल्याच आयुष्यात बसत नाही. सात वेळा सात गाठायची ओपाऊकाला उमेद होती. त्याला अजून अठरा वर्षं लागली असती. सात आणि आठ या दोन पायऱ्यांच्या मधल्या जागेत माणसाचा जन्म संपतो, हे मला कुठल्याही कवटीने इतकं स्वच्छ दाखवलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, यात कला ती काय? आकडे तर आमचा बंड्याही लिहील. लिहील की. पन्नासपर्यंत आनंदाने, दोनशेपर्यंत ओरडा खाऊन. कसब कमी लागतं हा आक्षेप बरोबरच आहे आणि ओपाऊकाला तो मान्य असता, कारण कसबाकडे लक्षच जाऊ नये अशीच त्याची आखणी होती. चित्र सुंदर झालं का, रंग साधला का, हे प्रश्न त्याने पहिल्या दिवशीच निकालात काढले. उरला फक्त वेळ. एरवी चित्रात वेळ दडून राहतो: महिन्याभराचं काम आपण नजरेच्या एका फेरीत पाहून टाकतो. इथे वेळ लपवायला जागा नाही. प्रत्येक आकडा म्हणजे परत न येणारे काही सेकंद, ओळीने मांडलेले. आणि ही मांडणी पूर्ण कधी होणार हे चित्रकाराच्या हातात नाही. त्याने नियम असा आखला की शेवटची सही मृत्यूने करावी. मृत्यूचं चित्र काढण्याऐवजी त्याला कामाला लावलं म्हणा ना.

ओपाऊका सुरुवात करत होता त्याच सुमारास, ४ जानेवारी १९६६ रोजी, न्यूयॉर्कमध्ये ओन कावारा या जपानी चित्रकाराने एक चित्र रंगवलं. चित्रात त्या दिवसाची तारीख, बाकी काही नाही. एकरंगी पार्श्वभूमीचे अनेक हात, त्यावर पांढरी अक्षरं, छाप न वापरता हाताने काढलेली, आणि तरी छापल्यासारखी. नियम एकच कडक: चित्र त्याच दिवशी पूर्ण व्हायला हवं. मध्यरात्र उलटली आणि काम अपुरं राहिलं तर चित्र नष्ट. ज्या देशात असेल तिथल्या भाषेत महिन्याचं नाव. लिपी रोमन नसेल तर एस्परांतोत. (म्हणजे आपल्याकडे रंगवलं असतं तरी देवनागरीला संधी नव्हती.) प्रत्येक चित्रासाठी पुठ्ठ्याची पेटी, पुष्कळदा तिच्या आत त्या दिवशीच्या स्थानिक वर्तमानपत्राचं कात्रण. शंभराहून अधिक शहरांत, जवळजवळ पन्नास वर्षं, तीन हजारांच्या आसपास चित्रं. बहुतेक लहान, भिंतीवर सहज मावतील अशी. पण जुलै १९६९ ची तीन चित्रं पुरुषभर उंचीच्या जवळ जातात, रुंदीला सात फुटांहून जास्त: अपोलो ११ निघालं तो दिवस, चंद्रावर उतरलं तो, आणि त्यानंतरचा. इतक्या तटस्थ माणसालाही त्या आठवड्यात राहवलं नाही, हे वाचून बरं वाटतं.

कावाराने मुलाखती दिल्या नाहीत, फोटो काढू दिले नाहीत, स्वतःच्या प्रदर्शनांच्या उद्घाटनाला तो फिरकत नसे. कॅटलॉगमध्ये चित्रकाराचा परिचय छापायच्या जागी तो तोवर किती दिवस जगला एवढा आकडा असायचा. मात्र १९७० पासून तो ओळखीपाळखीच्या लोकांना तारा पाठवत असे, आणि मजकूर प्रत्येक वेळी तोच: मी अजून जिवंत आहे. अशा सुमारे नऊशे तारा.

मराठी वाचकाला या तारेचं मर्म न्यूयॉर्कच्या समीक्षकापेक्षा लवकर कळेल. आपल्याकडे दारात तारवाला उभा राहिला की घरातल्या बायका आधी रडायला लागत आणि मग तार वाचली जाई. तार म्हणजे कुणीतरी गेलं, नाहीतर शेवटच्या घटका मोजतंय. २०१३ च्या जुलैत ती सेवा बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांत आलेल्या आठवणीही बऱ्याचशा याच जातीच्या होत्या. त्याच तारेने कावारा उलटी बातमी धाडत होता. पण त्यात एक खोच आहे. तार पाठवली तेव्हा तो जिवंत होता. ती तुमच्या हाती पडली त्या क्षणाची हमी ती देत नाही. ती वाचताना आपण पाठवणाऱ्याच्या भूतकाळाकडे बघत असतो, आणि भाषा मात्र वर्तमानकाळाची. २०१४ मध्ये तो गेला. परिचयातला आकडा २९,७७१ वर थांबला. तारखेचं शेवटचं चित्र कुणीतरी पूर्ण करावं असा प्रश्नच नव्हता. नियमच तसा होता.

मृत्यू थेट दाखवून काहीच साधत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकन व्हिडिओ कलावंत बिल व्हायोलाने १९९२ मध्ये तीन पडद्यांची एक कृती केली. डाव्या पडद्यावर बाळंतपण, उजव्या पडद्यावर स्वतः व्हायोलाच्या आईचे शेवटचे दिवस, आणि मधल्या पडद्यावर कपड्यांसकट पाण्यात तरंगणारा एक माणूस. अर्ध्या तासाच्या आत तिन्ही चालतात. तिथेही जीव धरून ठेवतो तो मधला पडदा, जिथे काहीच होत नाही.

२०१५ च्या फेब्रुवारीत काही दिवस असा योग आला की न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात एका बाजूला कावाराचं मोठं प्रदर्शन सुरू होत होतं आणि दुसऱ्या बाजूला चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं संपत आलं होतं. गायतोंडे जन्माने नागपूरचे, मूळ घराणं गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये, पुढचं आयुष्य दिल्लीत, ओढा झेन विचाराकडे. काळाशी त्यांचं नातं कावाराच्या अगदी उलट. रोज हजेरी लावायची नाही. कित्येक दिवस काहीच न करता बसायचं आणि वर्षाकाठी मोजके पाच-सहा कॅनव्हास हातावेगळे करायचे. रंगाचे थर रोलरने चढवायचे, सुरीने खरवडायचे, पुन्हा चढवायचे. शेवटी कॅनव्हासवर उरतो तो तळातून झिरपल्यासारखा प्रकाश. गायतोंडे यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की किती वेळ गेला ते कळत नाही, ओपाऊकाच्या चित्रासमोर मात्र एकेक सेकंद मोजून कळतो. दोन्ही ठिकाणी वेळच अंगावर येतो, पण माझा कल गायतोंड्यांकडे जरा जास्त आहे, आणि तो केवळ आपला माणूस म्हणून असेल अशी शंका मला स्वतःलाही आहे.

त्यांच्या वर्तुळातल्या नसरीन मोहमदी तर आणखी पुढे गेल्या. पेन्सिल, शाई आणि आखणीची उपकरणं यांनी काढलेल्या केसासारख्या बारीक रेषा, एवढंच त्यांचं भांडवल. त्यांनी आपल्या चित्रांना नावं दिली नाहीत आणि बहुतेकांवर तारीखही घातली नाही. शरीराचा तोल आणि हाताचा ताबा हळूहळू घालवणाऱ्या आजारपणातही त्या सरळ रेषा आखत राहिल्या, आणि १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. कावाराने तारखेखेरीज काही ठेवलं नाही, नसरीनबाईंनी तीही काढून टाकली.

या सगळ्यांत मृत्यू काम थांबवतो. थांबूच नये असं काम करता येईल का? याचं उत्तर जर्मनीतल्या हाल्बरश्टाट या छोट्या गावात सध्या वाजतं आहे. अमेरिकन संगीतकार जॉन केज याने १९८७ मध्ये ऑर्गनसाठी एक रचना केली, जेमतेम आठ पानांची. सूचना अशी की शक्य तितकी संथ वाजवावी. केज १९९२ मध्ये गेला आणि मागे राहिलेल्यांना प्रश्न पडला: शक्य तितकी म्हणजे किती? पियानोचा सूर विरून जातो, पण ऑर्गनच्या नळीत हवा आहे तोवर सूर टिकतो. म्हणजे ऑर्गन टिकेल तितकी. हाल्बरश्टाटच्या कॅथेड्रलमध्ये १३६१ साली एक प्रसिद्ध ऑर्गन बसवला गेला होता. तिथपासून २००० पर्यंत ६३९ वर्षं होतात. तेव्हा ठरलं, वादन ६३९ वर्षांचं.

जागा मिळाली ती सेंट बुर्कार्डी नावाच्या जुन्या चर्चची, ज्याचा मधल्या काळात दारूच्या भट्टीसाठी आणि डुकरं ठेवायलाही वापर झाला होता. ५ सप्टेंबर २००१ रोजी, केजच्या जन्मदिवशी, वादन सुरू झालं. रचनेच्या आरंभी विराम आहे. त्यामुळे पहिले सतरा महिने फक्त भात्याचा श्वास ऐकू येत होता. पहिला सूर फुटला ५ फेब्रुवारी २००३ रोजी. वाजवायला माणूस बसत नाही. पट्ट्या वजनं टांगून दाबून ठेवल्या आहेत. सतत चालणाऱ्या आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होऊ लागला म्हणून ऑर्गनभोवती पारदर्शक ॲक्रिलिकची पेटी उभारली. शाश्वताचा शोध घेतानाही शेजारधर्म सुटत नाही. २०१३ च्या ऑक्टोबरनंतर पुढचा बदल झाला तो थेट सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे जवळजवळ सात वर्षं एकच सूरमेळ. बदलाच्या दिवशी लांबून लोक येतात, नळी काढताना किंवा बसवताना श्वास रोखून उभे राहतात, आणि दोन-चार मिनिटांत सोहळा आटोपतो. ५ फेब्रुवारी २०२४ नंतरचा बदल ५ ऑगस्ट २०२६ ला ठरलेला आहे.

आज त्या चर्चमध्ये गेलेला कुणीही ही रचना पूर्ण ऐकणार नाही, त्याचा नातूही नाही. तरी लोक एकेका वर्षासाठी देणगी देतात आणि त्या वर्षाची पाटी चर्चमध्ये लागते. बरीचशी वर्षं अशी आहेत की तेव्हा देणाऱ्याचं नाव उच्चारणारंही कुणी नसेल. ओपाऊकाच्या आठव्या पायरीला ७२९ वर्षं लागली असती. हा ऑर्गन त्या हिशोबातही कमीच पडतो. पण ओपाऊका एकटा होता. इथे दर काही वर्षांनी वजनं हलवायला कुणीतरी नवं माणूस लागणार, आणि ते येईल यावर सगळा भरवसा आहे. संगीत म्हणून ऐकायला फारसं काही नाही, हे स्पष्ट सांगतो. एक स्थिर सूरमेळ आहे, चर्चमध्ये तुम्ही पावलं टाकाल तसा त्याचा रंग किंचित बदलतो.

बर्लिन, हॅनोव्हर, लाइपझिश या बाजूला आता मराठी घरं पुष्कळ आहेत. हा लेख त्यांच्यापैकी कुणी वाचत असेल तर एखाद्या रविवारी आगगाडीने हाल्बरश्टाटला जाऊन यावं. याच रविवारी जायला हवं असं काही नाही. कार्यक्रम २६४० पर्यंत चालू आहे.